बाजेखालचा विस्तव

गुणाजीने गाठोडं खाटेखाली सरकवलं आणि कमळाला तो वास आला. पालथ्या माणसाला जग दिसतं ते एवढंच: खाटेच्या कडेखालची हातभर फरशी, तिच्यावरून जाणारे लोकांचे पाय, आणि कोणी खाली काही ठेवलं तर ते. तोंड दिसत नाही कोणाचं. इस्पितळात आणल्यापासून तिने एकाही माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. पाठ जळालेल्या बाईने पालथंच पडायचं, आणि पालथ्या बाईशी लोक बोलतात ते तिच्या पाठीशी बोलतात. तर वास. फिनेल, पू, शेजारच्या खाटेखालचं भांडं, या सगळ्यांच्या खालून तो आला. अगदी पुसट, धुऊन धुऊन पातळ झालेला, बंद दारापलीकडे कोणी ओळखीचं माणूस खाकरावं तसा. मुशी माशाच्या तेलाचा. तिने मान कलती करून खाली पाहिलं. गाठोडं दोराने बांधलेलं होतं. काथ्याचा दोर, बोटाएवढा जाड, काळपट. गाठ गुणाजीचीच, तिच्या नवऱ्याची. दर्यावरच्या माणसाची गाठ, ओढली की आवळते, ढकलली की सुटते. आणि वर, जिथे तोंड असतं तिथून, गुणाजी चांगल्या बातम्या आणलेल्या माणसाच्या आवाजात बोलत होता. पोर बरी आहे. शेळीचं दूध पिते. नाक म्हातारीच्या वळणावर गेलंय. त्याची बहीण हिरा, पहिलटकरीण म्हणून माहेरी बुरोंडीला आणलेली, आज-उद्यावर आली आहे, पण काळजीचं कारण नाही, दाभोळहून नवी सुईण बोलावली आहे, त्या तुळसासारखी विस्तवाची रास घालणारी नव्हे. आणि बाज. बाजेची लाकडं शाबूत निघाली, नुसती वीण जळाली होती. दोर उरला होता, त्यानेच परत विणली. हिरासाठी अंगणात उभी करून ठेवली आहे.

"त्याच दोरानं?" कमळाने विचारलं.

"त्याच. होडीवरचा हाय. आपून मरू, दोर जायाचा नाय."

मग भेटीची वेळ संपली म्हणून वॉर्डातली आया हौसा ओरडत आली, आणि गुणाजी संध्याकाळी बोटीआधी परत येतो म्हणून निघाला. त्याच्या टाचा तिला दिसल्या, मिठाने चिरलेल्या, आणि मग त्या दाराबाहेर गेल्या.

तो गेला आणि वास राहिला. कमळाने डोळे मिटले, पण नाक मिटता येत नाही. तो दोर तिने किती वर्षं पाहिला होता. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढायची तेव्हा वाळूवर ओंडके आडवे टाकतात, त्यांना मुशीचं तेल चोपडतात आणि वाडीतले सगळे पुरुष त्या दोराला लागतात. दोर तेलात लोळतो, वाळूत लोळतो, पुन्हा तेलात. सासऱ्याच्या काळापासून लोळला होता. गुणाजीने तो काढला तो तिच्या नवव्या महिन्यात. घरची बाज ढेकणांनी भरलेली, आणि त्याचं म्हणणं असं की माशाच्या तेलाच्या दोराला ढेकूण शिवत नाही. खरंच शिवत नाही. पण वास? बाळंतिणीला वासाने मळमळेल म्हणून त्याने दोर खाडीत खुंट्याला बांधून ठेवला. भरती त्याच्यावरून जायची, ओहोटी जायची. मग उन्हात वाळवायचा, नाकाला लावून बघायचा, तोंड वाकडं करून पुन्हा नेऊन बुडवायचा. ती दारात पोटावर हात ठेवून उभी राहून हसायची. आणि मग तो अंगणात बसला, दातांत जीभ धरून, आणि बाज विणली. त्या वाडीत कुठल्या पुरुषाने बायकोच्या बाळंतपणाची बाज विणली नव्हती. सासू जाता-येता बोलायचीच, की आज बाज विणतोय, उद्या पाळणा हलवील, परवा हाच बाळंत होईल. तो मान वर न करता हसायचा. त्याने त्या दोरात जे विणलं त्याला त्यांच्या घरात नाव नव्हतं. नाव असतं तर कदाचित तेवढं घट्ट विणलं नसतं.

दोर वाळला की वास जातो. तेल जात नाही. तेल आत काथ्याच्या पोटात बसून राहतं आणि ऊब लागली की बाहेर येतं. हे कळायला कुठली शाळा लागत नाही, पण हे तिला आत्ता कळलं, पाठ गेल्यावर. पालथी पडून तिने पुन्हा तो दिवस पाहिला, आणि या वेळी त्यात एक आवाज होता, जो आधी कधी ऐकू आला नव्हता. सकाळची वेळ. कढत पाण्याने न्हाऊन झालेलं. पोटाला पट्टा करकचून बांधलेला, वरून घोंगडी, वरून गोधडी, बाळंतीण म्हणजे दोर मारलेला जाळ्याचा गठ्ठाच. बाजेखाली मातीच्या परळात निखारे, त्यांवर तुळसाने ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला. थंडीचे दिवस होते. पोर बाहेर सासूच्या मांडीवर, उन्हात, तिच्या टाळूला तेल घालत होती सासू. तुळसा उकिडवी बसून काहीबाही पुटपुटत होती, जन्मलेल्या पोरीच्या नशिबाला शिव्या घालत होती, म्हणजे दृष्ट लागायला नको. आणि चुर्र. थोड्या वेळाने पुन्हा चुर्र. कमळाला वाटलं ओवा तडतडतोय. कमरेखालून उबेची लाट वर येत होती आणि तिच्यात किनाऱ्याचा वास होता, होड्या ओढतात त्या दिवसाचा, लहानपणचा, आणि त्या वासाने तिला अधिकच गाढ झोप लागली. तो चुर्र आवाज थेंबांचा होता. तेल निखाऱ्यावर पडत होतं. ती आपल्या मरणाच्या वासावर माहेरची स्वप्नं बघत होती. मग तुळसाचे हात आठवतात. पेटलेल्या विणीतून आरपार खालून वर आलेले तुळसाचे दोन हात, ज्यांनी तिला घोंगडीसकट ओढून जमिनीवर पाडली. नंतर फौजदाराने तेच हात धरून लोकांना दाखवले. तळवे जळलेत बघा हिचे. विस्तवाशी हिचाच संबंध.

वाडीने निकाल लावायला वेळ घेतला नाही. बाई जळाली की कोणीतरी जाळलीच पाहिजे, नाहीतर लोकांना जेवण जात नाही. सासूवर आळ घ्यावा तर सासू वाडीतली मोठी. नवऱ्यावर घ्यावा तर तो बाज विणणारा. तुळसाला पुढे-मागे कोणी नव्हतं. विधवा, जात अंगणाच्या पायरीपर्यंतची, दुसऱ्यांच्या पोरी ओढून काढण्यात जन्म गेला. तिने निखारे जास्त घातले, तिने मुद्दाम घातले, मुलगा झाला नाही म्हणून तिला साडी मिळणार नव्हती, त्या रागाने घातले, अशी तीन दिवसांत गोष्ट तीन पायऱ्या चढली. दापोलीकडच्या फौजदाराने तिला इथे रत्नागिरीला आणून ठेवली होती, कारण जळालेल्या बाईची जबानी इथे व्हायची होती. आणि जबानी काही होत नव्हती. कमळा तापात होती, आणि ताप उतरला तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. झोपले होते, पेटलं. असं कोणी लिहून घेत नाही.

इस्पितळ एका शेटजीच्या नावाचं, धर्मादाय. जळालेल्यांचा कोपरा व्हरांड्याच्या टोकाला, कारण वास. लोकांनी मीठ उचलून तुरुंग भरले त्याच्या पुढल्या सालची गोष्ट, आणि इथे नवा डॉक्टर आला होता, देशावरचा, तरुण, चामड्याचे बूट कुरकुरवणारा. त्याचं डोकं एका गोष्टीत गुंतलं होतं. या किनाऱ्यावर माणसं भाजतात कशी, कोण भाजतं, कुठल्या वयाचं, कुठल्या महिन्यात. सगळं जमवून तो मुंबईला पाठवणार होता. कमळा त्याचे बूट ऐकायची, खाटेखाटेपाशी थांबणारे. भाताच्या उकडीच्या हंड्यात पडलेली पोर. फेफरं येऊन चुलीत गेलेली मुलगी, जिच्या आईला शरम होती ती फेफऱ्याची, भाजल्याची नव्हे. पोटात गोळा आला म्हणून तापल्या विळ्याने डागलेलं मूल, ज्याला गोळ्याने नाही, डागाने मारलं. आणि बाया. बाया, बाया, बाया. चिमणी, चूल, चूल, चिमणी. डॉक्टरला नवल वाटायचं की सगळ्या बायाच कशा. त्याला नवल वाटतं याचंच कमळाला नवल. विस्तवाशी दिवसभर बसतं कोण? खाडीत बुडतात ते पुरुष असतात, त्याचं कोणाला नवल वाटत नाही.

बरं, औषध चांगलं होतं त्याचं. एक तपकिरी पाणी तो फवारायचा पाठीवर, विलायतेत नवीन निघालेलं म्हणे, आणि पाठ काळी, कडक, चामड्यासारखी व्हायची. पहिल्यांदा फवारलं तेव्हा कमळा तापातही हसली होती. ऐनाच्या सालीचा काढा! मोठ्या काहिलीत साल उकळून त्यात जाळी बुडवतात, कुजू नयेत म्हणून, त्याचाच हा तुरट वास. आपलं जाळं झालं. आता दर्यात टाकलं तरी कुजणार नाही. हे तिने शेजारच्या खाटेवरच्या यमुनाबाईंना सांगितलं होतं, आणि यमुनाबाई हसल्या होत्या, त्यांना हसताना मान दुखायची तरी.

यमुनाबाई कचेरीतल्या कारकुनाची बायको. मानेपासून छातीपर्यंत भाजलेल्या. त्यांचं उत्तर तयार होतं: पदर चुलीवर पेटला. डॉक्टरने तीनदा विचारलं, तीनदा तेच, पाढा म्हणावा तसं. तो गेल्यावर कमळाला त्या समजावून सांगायच्या.

"तूही पदर सांग ग. पदर म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही."

"आमचा पदर कमरेला खोचलेला असतो बाई. पेटायचा कसा?"

"मग तुला सांगायला काहीच नाही," यमुनाबाई म्हणाल्या, आणि खरंच कीव आल्यासारखं म्हणाल्या.

पण पदर सांगून भागलं नसतं, कारण डॉक्टरचं एक मत होतं आणि ते तो मोठ्याने बोलायचा, कंपाउंडरला शिकवावं म्हणून. पुढून भाजलं तर अपघात. हात भाजले तर अपघात. पाठ आपली आपण जळत नाही. पाठ जळाली की मागे माणूस असतो. त्याच्या सगळ्या गोळाबेरजेत कमळाची पाठ बसत नव्हती, आणि जे बसत नाही त्याच्यामागे तो माणूस शोधत होता. सुईण की नवरा, एवढाच त्याचा प्रश्न राहिला होता. दोर त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ज्या बाजेवर तो जन्मला ती बाजही त्याने कधी खालून पाहिली नसेल.

दुपार झाली. छातीत दूध भरून दगड झालं होतं आणि पालथं पडल्यामुळे ते दगड तिच्याच वजनाखाली होते. पोर आणत नव्हते. इस्पितळात रोग असतात. दूध खाटेच्या गादीत जिरत होतं, शेळी पोरीला पाजत होती, आणि बुरोंडीच्या अंगणात बाज उभी होती. हिरा कशी झोपते ते कमळाला माहीत होतं. तोंडाचा आ करून, मेल्यासारखी. तिला उठवायला ताट वाजवावं लागतं. ती पहिलटकरीण, दोन दिवस अडून राहील, मग बाळंत होईल, मग झोपेल. घोंगडी, गोधडी, पट्टा. खाली परळ. नवी सुईण निखारे कमी घालील, पण घालील. चुर्र.

तर सांगायचं. पण कसं सांगायचं हे ती दुपारभर ढकलत राहिली, एका गालावरून दुसऱ्या गालावर. तिला वाटलं अपशकुनाचं सांगावं, ती बाज वाईट आहे, तिच्यावर माझा जीव जायचा होता, जाळून टाक म्हणावं. मग आठवलं, सकाळी त्यानेच सांगितलं होतं की म्हातारीने बाजेवर नारळ फोडला, भगताकडून पाणी मारून घेतलं, झालं सगळं. देवाने बाजेला निर्दोष सोडलं होतं. आता खरं तेवढं उरलं होतं. आणि खरं म्हणजे काय, तर तूच. तुळसा नाही, माझं नशीब नाही, देवी नाही. तू जीभ दातांत धरून बसला होतास ते. खाडीत भिजवलास ते. ढेकूण चावू नयेत म्हणून केलंस ते. ही पाठ तू जाळलीस, आणि मला पाठीपेक्षा ते जास्त प्रिय आहे, आणि तेच मी तुझ्या हातात निखाऱ्यासारखं देते आहे, घे. एकदा होडी ओढताना ओंडक्याखाली कुत्र्याचं पिल्लू आलं होतं. गुणाजीचा दोष नव्हता. तरी कितीतरी दिवस तो जेवताना मध्येच ताटावरून उठायचा. तुळसाने जाळलं, या एका वाक्यावर तो सध्या झोपत होता. तेवढंच अंथरूण होतं त्याला. आणि ती अंथरूण ओढणार होती. तिला आपला राग आला, त्याचा आला, हिराचा आला, जी अजून जळाली नव्हती आणि तरी तिच्यामुळे हे करावं लागत होतं. जगात बाया जळतात आणि जळालेल्या बायांनाच विझवायला उठावं लागतं, दुसरं कोणी उठत नाही.

दिवेलागणीला तो आला. हातात बोटीत खायला घेतलेले फुटाणे; पुडीचा कागद तिला ऐकू आला. तिने त्याला बस म्हटलं. तो खाटेच्या कडेला टेकला, तिला लागू नये म्हणून अर्धाच. आणि तिने सांगितलं, वास, थेंब, तेल, सगळं फरशीकडे बघत.  मग तो हसला. खोटं नव्हता हसला. समजुतीचं, आजाऱ्याला हसतात तसं.

"धुतलेला दोर हाय गो तो. तुज्या देखत धुतला."

"वास हाय त्याला अजून."

"वास तुज्या डोक्यात हाय. थांब, दावतंय."

तो खाली वाकला. त्याच्या बोटांनी गाठ ढकलली, ती सुटली. विडीसाठी कनवटीला असलेली काड्यापेटी त्याने काढली, दोराच्या टोकाला काडी लावली. काथ्या काळा पडला, धुरला, विझला. दुसरी काडी. पुन्हा तेच. त्याच्या अंगातून एक मोठा श्वास सुटला, तो तिला आपल्या मानेवर लागला.

"बग. धरीत नाय."

धरीत नाय असं तिलाही वाटायला हवं होतं. एक क्षण वाटलंही. इथे थांबता आलं असतं. जाऊ दे, तुळसानेच जाळलं. पण दाराशी हौसाची शेगडी होती, पोराबाळांचं दूध ऊन करायची, आणि शेगडीचा उजेड फरशीवर हलत होता.

"आदी तापव त्याला," ती म्हणाली. "बाज लगेच पेटली नव्हती. मी किती येळ झोपले व्हते."

त्याचे पाय शेगडीकडे गेले. बराच वेळ तिथे राहिले. कोणाचं लक्ष नव्हतं. कोणीतरी दूध ऊन करतंय. तेव्हा तो आवाज आला. हौसाला तो दुधाचा वाटला असेल. कमळाने तो ओळखला, आणि तिच्या पाठीने ओळखला, त्या काळ्या चामड्याखाली सगळं अंग आक्रसलं. ते पाय परत आले, हळूहळू, आणि खाटेपाशी थांबून त्याने काडी ओढली. या वेळी काडी टेकवायचीही गरज पडली नाही. ज्योत दोरावरून पळत वर गेली, कापड फाडावं तशा आवाजाने. कमळाला ज्योत दिसली नाही. फरशी दिसली, एकदम पिवळी, आणि तिच्यावर पडणारे जळते थेंब, एक, आणि त्याच्याशेजारी एक, प्रत्येक थेंब आपापला जळत. आणि त्याचे पाय, ते हलतच नव्हते. दोर टाक, ती म्हणाली. त्याने टाकला नाही. हाताची कातडी जळाल्याचा वास आला तरी टाकला नाही. तो बघत होता.

मग यमुनाबाई किंचाळल्या. जळालेल्या बायांच्या वॉर्डात कोणी आग घेऊन उभं होतं, बायकोच्या खाटेपाशी. सगळ्या किंचाळल्या, ज्यांना हलता येत नव्हतं त्या सर्वांत जास्त. माणसं धावली. पाय आले, पुष्कळ पाय, गुणाजीचे पाय त्यांच्यात दिसेनासे झाले, मग आडवे दिसले, मग फरशीवरून ओढत नेले. त्याने हूं की चूं केलं नाही. मारणाऱ्यांना ते कबुलीसारखं वाटलं. त्यालाही तसंच वाटत होतं.

कुरकुरते बूट आले. डॉक्टर धापा टाकत होता, आणि त्याच्या धापेत एक समाधान होतं, जे माणसाला आपलं मत खरं ठरल्यावर होतं. आता तरी सांग, तो म्हणाला, आणि कागद फडफडला. कमळाने सांगायचा प्रयत्न केला. दोर, ती म्हणाली, दोरात तेल होतं. डॉक्टरने मध्येच थांबवलं, एकेक विचारतो, तेवढ्याचं उत्तर दे.

"बाज कुणी विणली होती?"

"त्यांनी."

"दोर कुणी आणला?"

"त्यांनीच, पन—"

"तेलाचा आहे हे त्याला ठाऊक होतं?"

 ठाऊक होतं. ढेकणांसाठी. हे तीन शब्द नुसते बोलले तर काय होईल ते तिला दिसलं, आणि न बोलून काय होतंय तेही दिसलं. सगळं खरं होतं. खऱ्याचे तुकडे करून विचारलं की प्रत्येक तुकडा फासासारखा होतो. कोणी आणला, कोणी विणली, कोणी. डॉक्टरच्या तोंडात 'कशानं' हा शब्दच नव्हता. ती ओरडली की माझं काही लिहू नका, लिहायचं ते लिहा, पण बुरोंडीला कळवा, बाज जाळा, नणंद बाळंत व्हायची आहे, तिला त्याच बाजेवर निजवतील. "बाज जाळा," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला, वात झालाय हिला, जाळा जाळा करते आहे. आणि सुई टोचली. सुईच्या धुक्यात शिरताना बंदराकडून बोटीचा भोंगा झाला, लांब, म्हशीसारखा. ती बोट उत्तरेला, दाभोळकडे जाणारी. तिच्यात गुणाजीची जागा रिकामी होती.

सकाळी तिने प्रत्येक पायाला सांगितलं. झाडूवाल्याच्या पायांना सांगितलं, औषधवाल्याच्या पायांना सांगितलं. हौसाला सांगितलं तर हौसा म्हणाली, गप पड ग बाय, तुझा नवरा चौकीत आहे आता, कोणी जाळीत नाही तुला. यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तुमच्या यजमानांना तार करायला सांगा, कमळा त्यांना म्हणाली, पाया पडते. भिंतीकडूनच त्यांचा आवाज आला, की तार कुणी का केली असं साहेब विचारतील, आणि मग घरी हे मला विचारतील, आणि मला कुणी काही विचारायला नको आहे. यमुनाबाई रडत होत्या असं वाटलं. रडोत. पाठीची कातडी रात्री कुठेतरी तडकली होती, खालून ओल आली होती, ताप चढत होता. तिने उठायचं ठरवलं. कोपर टेकलं. दुधाचे दगड गादीवरून सुटले आणि पाठ मधोमध फाटल्यासारखी झाली, आणि ती परत पडली. फरशीवर कालचे काळे डाग होते. कोणी पुसले नव्हते.

तेव्हा एक पाऊलजोडी आली आणि थांबली. अनवाणी, नखं पिवळी, करंगळीवर दुसरं बोट चढलेलं. थांबून ती पावलं बाकीच्यांसारखी उभी राहिली नाहीत. त्यांच्यावर गुडघे आले, मग लुगडं, आणि सुईण बसते तशी ती बाई फरशीवर उकिडवी बसली, मान वाकडी करून खालून वर बघू लागली. इतक्या दिवसांत कमळाने पाहिलेलं ते पहिलं तोंड. तुळसाचं. म्हातारं, चेचलेलं, चिडलेलं. दोन्ही हात चिंध्यांत गुंडाळलेले.

"सोडलान मला," तुळसा म्हणाली. "तुजा घोव गावला म्हणान. जा म्हणाले, चालती हो." मग तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "त्यानं नाय केलान. त्याला काडी ओढता येत नाय धड. मी सांगितलं त्यांना. माजं कोन आयकतंय."

कमळाने तिला सांगितलं. घाईघाईने, दम लागत, दोर, थेंब, चुर्र. तुळसाने मध्ये एकदाही नाही म्हटलं नाही. चुर्र म्हटल्यावर तिने डोळे मिटले. "मला वाटला ओवा," ती म्हणाली. एवढंच.

"तू जा. सांग त्यांना."

"मी? म्हातारी मला पायरीवर हुबी करायची नाय. दगड मारतील, कमळे."

ते खरं होतं.  ज्याने पाहिलं तो चौकीत, जिला ठाऊक ती पालथी, जी जाऊ शकते तिचं कोणी ऐकणार नाही. व्हरांड्यात कोणीतरी पितळेचं भांडं पाडलं आणि ते गोल गोल फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं.

"बाज खयं हाय?" तुळसाने विचारलं.

"अंगनात. हुबी करून ठेवलीय."

"अंगनात व्हय." तुळसाने जबड्यात काहीतरी चावल्यासारखं केलं. "मंग आयकायचं काय काम हाय कोनाला? जाळणारी म्हणतातच ना मला. जाळतंय."

तिने इकडेतिकडे पाहिलं. कमळाच्या खाटेखाली, भिंतीच्या कडेला, कालच्या मारामारीत पडलेली गुणाजीची काड्यापेटी होती. कमळाने ती सकाळपासून पाहिली होती आणि पाहिली नव्हती. तिने हात लोंबता सोडला आणि बोट दाखवलं. तुळसाला ती उचलता येईना. चिंध्यांतली बोटं मिटत नव्हती. तिने दोन्ही मनगटांत पेटी धरली, एकदा निसटली, पुन्हा धरली, आणि दातांनी पदर उचलून कमरेच्या खोच्यात सारली. मग ती उठली, म्हणजे तिचं तोंड वर गेलं, दिसेनासं झालं, आणि पुन्हा नुसते पाय उरले. पोरीला बघून ये, कमळा म्हणाली. माझ्या पोरीला.  पाय हातभर फरशीवरून गेले, काळे डाग ओलांडून, डाव्या पायात थोडे लंगडत.

कमळाने गाल गादीवर टेकला. दूध झिरपत होतं. चौकीत गुणाजी गप्प बसला असेल, भाजलेला हात मांडीवर ठेवून, आणि जे विचारतील त्याला तो हो म्हणेल. ते नंतर. त्याच्यासाठी नंतर उठायचं. आता ती कान देऊन होती. बंदर इथून फार लांब नाही, पण तुळसा लंगडते, आणि पडावातून बोटीपर्यंत जायचं, आणि दाभोळला उतरून डोंगर चालून जायचं, आणि हिरा झोपते ती मेल्यासारखी. दाभोळकडे जाणाऱ्या सकाळच्या बोटीचा भोंगा अजून झाला नव्हता.